गाडीचा किरकोळ अपघात: वरून काही लागले नाही, तरी डॉक्टरांना कधी दाखवावे?

सिग्नलला उभ्या असलेल्या तुमच्या गाडीला मागून कोणी ठोकले, किंवा पावसात ब्रेक दाबूनही गाडी घसरली आणि दुभाजकाला धडकली. बंपर दबला, दिवा फुटला, पण तुम्ही स्वतःच्या पायांनी खाली उतरलात. जमलेले लोक विचारतात, "लागलं का कुठे?" तुम्ही म्हणता, "नाही, काही नाही." पुढचा तास गाडीचे फोटो, समोरच्याशी बोलणे आणि विमा कंपनीला फोन यात जातो. गाडी गॅरेजला जाते आणि तुम्ही घरी येता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मान वळत नाही. किंवा डोके जड वाटते. किंवा पट्टा जिथे होता तिथे पोटावर काळानिळा वण दिसतो. अशा वेळी डॉक्टरांकडे जायचे, की एखादी गोळी घेऊन वाट पाहायची?

थोडक्यात उत्तर असे. उशिरा सुरू झालेले दुखणे शरीराच्या कोणत्या भागात आहे, यावर बरेच काही अवलंबून असते. मान, खांदे आणि पाठ यांचे स्नायू दुसऱ्या दिवशी दुखू लागणे बहुतेक वेळा गंभीर नसते. डोके, छाती किंवा पोट यांचा त्रास उशिरा सुरू झाला किंवा वाढत गेला, तर मात्र वाट पाहू नये. आणि काही व्यक्तींनी काहीही दुखत नसले तरी त्याच दिवशी तपासून घ्यावे.

दुखणे उशिरा का सुरू होते?

आपल्याकडे "मुका मार" हा शब्द आहे. वर जखम नाही, रक्त नाही, पण आत मार लागलेला आहे. हा मार लगेच "बोलत" नाही, त्यामागे दोन मुख्य कारणे आहेत.

पहिले कारण म्हणजे घाबरल्यावर शरीरात ॲड्रेनालिनसारखी संप्रेरके वाढतात. हृदय जोरात धडधडते, सगळे लक्ष परिस्थितीकडे लागते आणि वेदना काही काळ कमी जाणवते. दुसरे कारण म्हणजे ताणलेल्या स्नायूंना आणि अस्थिबंधांना सूज यायला वेळ लागतो. ही सूज पहिल्या एक ते तीन दिवसांत वाढते. म्हणून अपघाताच्या दिवशी ठीक वाटणारी व्यक्ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग धरल्याची तक्रार करते.

काही इजा मात्र वेगळ्या कारणाने उशिरा कळतात. कवटीच्या आत किंवा पोटात हळूहळू रक्त साचत असेल, तर ते पुरेसे साचेपर्यंत लक्षणे दिसत नाहीत. धोका आहे तो इथे.

गाडीचे किती नुकसान झाले यावरून शरीराला किती मार लागला याचा पक्का अंदाज बांधता येत नाही. पत्रा फारसा दबलेला नसतानाही मानेला झटका बसलेला असू शकतो.

ही लक्षणे असल्यास लगेच रुग्णालयात जा

खालीलपैकी एक जरी लक्षण दिसले, अपघाताच्या वेळी किंवा नंतर केव्हाही, तर थेट अपघात विभाग असलेल्या रुग्णालयात जा. स्वतः गाडी चालवू नका. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. ११२ हा आपत्कालीन क्रमांक देशभर चालतो.

डोके
• क्षणभर का होईना, शुद्ध हरपली होती
• अपघाताच्या आधीचे किंवा नंतरचे काही आठवत नाही
• उलट्या होणे, विशेषतः एकापेक्षा जास्त वेळा
• वाढत जाणारी डोकेदुखी
• गोंधळल्यासारखे वागणे, तेच तेच प्रश्न विचारणे, बोलताना जीभ जड होणे
• नेहमीपेक्षा जास्त गुंगी, उठवायला त्रास होणे
• झटके येणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, एकाच्या जागी दोन दिसणे
• नाकातून किंवा कानातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव येणे

मान आणि पाठ
• हातापायांत मुंग्या, बधिरपणा किंवा अशक्तपणा
• मानेच्या किंवा पाठीच्या मधोमध, हाडावरच, तीव्र वेदना
• लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, किंवा लघवी अडकणे

मानेचे हाड मोडले असल्याची शंका असेल तर त्या व्यक्तीला ओढून बाहेर काढू नका, मान वळवून पाहू नका. गाडी पेटण्यासारखा दुसरा धोका नसेल, तर मदत येईपर्यंत डोके आणि मान आहे त्या स्थितीत स्थिर ठेवा.

छाती आणि पोट
• धाप लागणे, श्वास घेताना टोचल्यासारखे दुखणे
• छातीत दुखणे किंवा धडधड, विशेषतः छाती स्टिअरिंगवर आपटली असल्यास
• पोट दुखणे, फुगणे किंवा हात लावल्यावर कडक लागणे
• खांद्याला मार लागलेला नसताना डाव्या खांद्याच्या टोकाला दुखणे. प्लीहेतून रक्तस्राव होत असेल तर असे होऊ शकते
• लघवीतून रक्त
• घाम सुटून अंग गार पडणे, उभे राहताच चक्कर येणे

सीट बेल्टचा पोटावर उमटलेला वण

सीट बेल्टने जीव वाचतो, याबद्दल शंका नको. पण धडक जोराची असेल तर तोच पट्टा पोटावर किंवा मानेवर आडवा वण उमटवतो. पोटावरचा असा वण म्हणजे आतल्या आतड्याला, यकृताला किंवा प्लीहेला मार लागला असण्याची शक्यता वाढते. आतड्याची इजा पहिल्या काही तासांत सोनोग्राफीत दिसतेच असे नाही. म्हणून दुखणे कमी असले तरी असा वण डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा. त्यांनी काही तास थांबवून पुन्हा पोट तपासायचे म्हटले तर नाही म्हणू नका. एका तपासणीपेक्षा काही तासांच्या अंतराने केलेल्या दोन तपासण्या जास्त सांगून जातात.

काहीच दुखत नसले तरी यांनी त्याच दिवशी तपासून घ्यावे

• ६५ किंवा त्याहून जास्त वय असलेल्या व्यक्ती. वयानुसार मेंदू किंचित आकसतो आणि त्याच्याभोवतीच्या रक्तवाहिन्या ताणल्या जातात. लहानशा धक्क्यानेही त्यांतून रक्त झिरपू शकते आणि त्याची लक्षणे काही आठवड्यांनीही दिसू शकतात. आजोबा महिनाभरापूर्वीच्या धडकेनंतर हल्ली विसरू लागले, चालताना झोकांड्या जाऊ लागल्या, तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना त्या धडकेबद्दल सांगा.

• रक्त पातळ करणारी औषधे घेणारे. वॉरफेरिन, ॲसेनोक्युमेरॉल, रिव्हारोक्साबॅन, ॲपिक्साबॅन, डॅबिगॅट्रान अशी औषधे सुरू असतील आणि डोक्याला थोडाही मार लागला असेल, तर लगेच रुग्णालयात जा. क्लोपिडोग्रेल किंवा ॲस्पिरिन घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. ही औषधे मनाने बंद करू नका. तो निर्णय डॉक्टरांचा.

• गरोदर स्त्रिया. धक्का सौम्य असला तरी वार गर्भाशयाच्या भिंतीपासून सुटण्याचा धोका असतो आणि सुरुवातीला आईला काही जाणवत नाही. २० आठवडे पूर्ण झाले असतील तर बाळाच्या हृदयाचे ठोके किमान ४ तास यंत्रावर पाहिले जातात. रक्तगट निगेटिव्ह असेल तर ते आवर्जून सांगा. अशा वेळी लागणारे अँटी-डी इंजेक्शन ७२ तासांच्या आत द्यावे लागते. रक्त किंवा पाणी जाणे, पोट कडक होणे, बाळाची हालचाल कमी होणे यांपैकी काही झाल्यास एक क्षणही थांबू नका.

• लहान मुले. दोन-तीन वर्षांचे मूल "डोकं दुखतं" असे सांगत नाही. ते चिडचिडे होते, खायला नकार देते, नेहमीची खेळणी टाकून देते, अवेळी झोपते. डोक्याला मार लागलेले तान्हे बाळ न चुकता दाखवा.

• हाडे ठिसूळ झालेले, मणक्याचे जुने आजार किंवा शस्त्रक्रिया झालेले रुग्ण.

• अपघाताच्या वेळी मद्य घेतलेले. नशेत वेदना कळत नाही आणि गुंगी कशामुळे आहे हेही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मान धरली, म्हणजे काय?

मागून धडक बसली की धड पुढे जाते, डोके क्षणभर मागे राहते आणि मग पुढे फेकले जाते. या झटक्यात मानेचे स्नायू आणि अस्थिबंध ताणले जातात. याला डॉक्टर "व्हिपलॅश" म्हणतात. मान आखडणे, डोक्याच्या मागच्या भागात दुखणे, खांदे जड होणे, थोडी चक्कर अशी लक्षणे काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी दिसतात.

इथे दिलासा देणारी गोष्ट अशी की धडकेनंतर तुम्ही चालू-फिरू शकत होता, मान लगेच न दुखता नंतर दुखू लागली, हातापायांत मुंग्या नाहीत आणि मान दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंशांपर्यंत वळते, तर मानेचे हाड मोडलेले असण्याची शक्यता फार कमी असते. अशा वेळी नेहमीच्या डॉक्टरांना एक-दोन दिवसांत दाखवले तरी चालते. बहुतेकांची मान काही आठवड्यांत, काहींची दोन-तीन महिन्यांत बरी होते.

बरे होण्यासाठी विश्रांतीपेक्षा हालचालीचा उपयोग जास्त होतो. दिवसभर पडून राहू नका. दुखणे सहन होईल इतपत मान हळूहळू डावीकडे, उजवीकडे, खाली, वर न्या. दुकानातून पट्टा आणून तो आठवडेच्या आठवडे घालू नका. त्याने स्नायू कमजोर होतात आणि मान अधिकच आखडते.

आणि एक कळकळीची सूचना: केस कापताना मान कडकन मोडून घेणे, हाडे बसवणाऱ्याकडून मानेला झटका देऊन घेणे किंवा जोरात मालिश करून घेणे, हे अपघातानंतर अजिबात करू नका. ताणलेल्या मानेला दुसरा झटका बसला तर रक्तवाहिनीला किंवा मज्जारज्जूला इजा होऊ शकते.

डॉक्टरांना काय सांगाल?

"काल गाडी ठोकली" एवढे पुरेसे नाही. पुढील माहिती दिली तर डॉक्टरांना नेमका अंदाज येतो:

• धडक मागून, समोरून की बाजूने बसली. गाडी उलटली का. अंदाजे वेग किती होता
• तुम्ही कुठे बसला होता. सीट बेल्ट लावला होता का. एअरबॅग उघडली का
• डोके, छाती किंवा गुडघा कशावर आपटला का
• दुखणे केव्हा सुरू झाले आणि वाढते आहे की कमी होते आहे
• चालू असलेली सर्व औषधे, जुने आजार, गरोदरपण

एअरबॅग उघडली असेल आणि डोळे चुरचुरत असतील तर डोळे न चोळता स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवा. धूसर दिसत असेल किंवा काचेचा कण गेला असेल तर नेत्रतज्ज्ञांना दाखवा. खरचटलेली जागा साबण-पाण्याने धुवा. धनुर्वाताचे शेवटचे इंजेक्शन केव्हा घेतले होते तेही आठवून सांगा.

आणखी एक प्रश्न आहे, जो घरातले सहसा विचारत नाहीत: अपघात झालाच का? तुम्ही चालवत होता आणि क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी आली, डुलकी लागली, हात थरथरून घाम सुटला किंवा बाजूने येणारी गाडी दिसलीच नाही, असे काही झाले असेल तर ते लपवू नका. मधुमेहाच्या औषधांनी रक्तातली साखर ७० च्या खाली जाणे, हृदयाचे ठोके अनियमित होणे, फिट येणे, झोपेत श्वास अडकण्याचा आजार, काचबिंदू किंवा नुकतेच सुरू झालेले गुंगी आणणारे औषध, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. अशा वेळी हा किरकोळ अपघात मोठ्या अपघाताआधी मिळालेली सूचना ठरतो. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेत असाल तर धडकेनंतर लगेच साखर तपासा.

कोणत्या तपासण्या होतील?

प्रत्येकाला एक्स-रे किंवा सीटी स्कॅन लागत नाही. डॉक्टर आधी नाडी, रक्तदाब, श्वास, शुद्ध, मान, छाती, पोट आणि हातपाय तपासतात. त्यात शंका आली तरच पुढची तपासणी सांगतात. डोक्याच्या इजेसाठी सीटी स्कॅन, पोटासाठी सोनोग्राफी आणि गरज पडल्यास सीटी, हाडांसाठी एक्स-रे, असे साधारण असते. एक्स-रे "नॉर्मल" आला म्हणजे तुमचे दुखणे खोटे ठरत नाही. स्नायू आणि अस्थिबंध एक्स-रेमध्ये दिसत नाहीत. उलट, मन शांत व्हावे म्हणून स्वतःहून सीटी करून घेण्यातही शहाणपण नाही. त्यात किरणोत्सर्ग असतो.

घरी पहिले ४८ तास

डॉक्टरांनी घरी पाठवले, किंवा तुम्हाला फक्त किरकोळ अंगदुखी आहे, तरी हे पाळा:

• डोक्याला मार लागला असेल तर पहिले २४ तास सोबत एक मोठी व्यक्ती असू द्या. वर दिलेली धोक्याची लक्षणे त्या व्यक्तीला वाचून दाखवा, कारण गोंधळलेल्या माणसाला स्वतःचा गोंधळ कळत नाही.
• "झोपू देऊ नका" हा समज चुकीचा आहे. डॉक्टरांनी तपासून घरी पाठवले असेल तर झोप घ्यावी. मध्ये उठवून पाहायचे का, हे त्यांनाच विचारा. झोपलेली व्यक्ती हाक मारूनही नीट उठत नसेल तर लगेच रुग्णालय गाठा.
• सुजलेल्या जागी पहिले दोन दिवस बर्फ कापडात गुंडाळून १० ते १५ मिनिटे लावा. नंतर गरम शेक घ्यायला हरकत नाही.
• दुखण्यासाठी प्रौढांनी पॅरासिटामॉलची ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची एक गोळी, किमान ६ तासांच्या अंतराने घ्यावी. दिवसाला चारपेक्षा जास्त गोळ्या नकोत. यकृताचा आजार असेल तर आधी विचारा.
• आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशा गोळ्या मनाने घेऊ नका. गरोदरपण, मूत्रपिंडाचा आजार, पोटातला अल्सर किंवा रक्त पातळ करणारी औषधे असताना त्या घातक ठरू शकतात.
• दिवसभर मद्य नको. झोपेच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.
• बरगडीला मार असेल तर छातीभोवती घट्ट पट्टी बांधू नका. तासातासाने खोल श्वास घ्या, नाहीतर कफ साचून न्यूमोनिया होऊ शकतो.
• मान पुरती वळत नाही, डोके जड आहे किंवा गुंगीची गोळी सुरू आहे, तोपर्यंत गाडी आणि दुचाकी चालवू नका.

दोन आठवड्यांनंतरही दुखणे कमी होत नसेल, हातात कळ उतरत असेल किंवा लक्ष लागत नसेल, तर पुन्हा दाखवा.

पोलिस, कागदपत्रे आणि खर्च

"पोलिस केस होईल" या भीतीने अनेक जण रुग्णालय टाळतात किंवा "जिन्यावरून पडलो" असे सांगतात. असे करू नका. खोट्या माहितीमुळे डॉक्टरांची तपासणी चुकीच्या दिशेने जाते आणि पुढे विम्याच्या दाव्यातही अडचण येते. रस्ते अपघाताच्या रुग्णाची रुग्णालयात मेडिको-लीगल नोंद होते. म्हणजे पोलिसांना कळवले जाते. त्याचा अर्थ तुमच्यावर गुन्हा दाखल झाला असा नाही.

कागदपत्रांसाठी उपचार थांबवता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात हे स्पष्ट केले आहे, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्येही जखमीवर ताबडतोब उपचार करणे हे डॉक्टरांचे कर्तव्य सांगितले आहे. मे २०२५ मध्ये लागू झालेल्या केंद्राच्या योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमींना ठरवून दिलेल्या रुग्णालयांत अपघाताच्या दिवसापासून ७ दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार पैसे न भरता मिळू शकतात. रुग्णालयात गेल्यावर या योजनेची चौकशी करा.

केसपेपर, तपासणीचे अहवाल आणि बिले जपून ठेवा. वणांचे तारखेसह फोटो काढा. भरपाईचा दावा करायचा असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात तो अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो.

मनाला बसलेला धक्का

शरीर बरे झाल्यावरही हॉर्न वाजला की दचकायला होणे, तोच प्रसंग डोळ्यांपुढे येणे, त्या रस्त्याने जायला नको वाटणे, झोप न लागणे, हे सुरुवातीचे काही दिवस स्वाभाविक आहे. "एवढंसं तर लागलं" म्हणून घरच्यांनी हसण्यावारी नेऊ नये. महिनाभरानंतरही हे कमी झाले नाही तर डॉक्टरांशी बोला. टेली-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो आणि मराठीतही बोलता येते.

लक्षात ठेवा

गाडी गॅरेजमध्ये पाठवताना आपण मेकॅनिकला "वरून ठीक दिसते, पण आतून बघा" असे सांगतो. तीच काळजी आत बसलेल्या माणसांची घ्या. अपघाताच्या रात्री झोपण्यापूर्वी गाडीतल्या प्रत्येकाला तीन गोष्टी विचारा: डोके कसे आहे, श्वास आणि पोट कसे आहे, हातापायांत मुंग्या आहेत का? सकाळी उठल्यावर हेच पुन्हा विचारा. उत्तरात शंका वाटली तर डॉक्टरांना दाखवा. तपासून "काही नाही" असे कळले, तर ती फेरी फुकट गेली असे समजू नका.

(ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. तुमच्या प्रकृतीबाबतचा निर्णय तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.)